जसे आहात तसे या

नाथाभाऊंची पत्रं वाचली तर कुणालाही वाटावं की किल्लारीचा भूकंप मागच्या आठवड्यात झाला. दर महिन्याला ते मायदेशी, त्यांना इथं पाठवणाऱ्या चर्चच्या मंडळाला पत्र लिहितात. मी त्यांची मराठीची बाई, म्हणून प्रत मलाही येते. त्या पत्रांत गाव अजून ढिगाऱ्यात राहतं, बायका पाण्यासाठी रानोमाळ हिंडतात आणि मुलं उपाशी झोपतात. जुन्या गावठाणात पडक्या भिंती आणि बाभळी शिल्लक आहेत, भाऊ तिथं जाऊन फोटो काढतात. नव्या गावातल्या सिमेंटच्या घरांच्या रांगा, दारातल्या मोटारसायकली, कारखान्यावर निघालेली पोरं, हे काही त्यांच्या कॅमेऱ्यात कधी मावलं नाही. गावात गरिबी नाही असं मी म्हणत नाही. आहे, भरपूर आहे. पण ती अंगावर धुतलेला सदरा घालून फिरते, त्यामुळे फोटोत नीट येत नाही.

भाऊंचं खरं नाव नेथन हॉलबर्ग. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या, सहा महिने बर्फात असणाऱ्या कुठल्याशा गावाहून ते आले. गावानं आठवड्याभरात नेथनचा नाथा केला आणि त्यांच्या बायकोची, इंग्रिडची, इंगळेबाई. गावात इंगळ्यांची चार घरं होतीच, त्यात एक वाढलं. त्यांची मुलगी एल्सा आली तेव्हा बोबडं बोलायची. आता तेरा वर्षांची आहे, ठेचा-भाकरी खाते आणि भांडायला लागली की अशी काही भाषा काढते की मी कानांवर हात ठेवते. ती मी शिकवलेली नाही.

मी लता. लातूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनदा जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन किल्लारीला येते. आमच्या ह्यांना, रेणुकादासांना, सुरुवातीला धास्ती होती की मला बाटवतील. उभ्या आयुष्यात मला दुपारचा चहा कुणी सोडायला लावू शकलं नाही, तिथं धर्म काय सोडवणार. नाथाभाऊंनी तर कुणालाच काही सोडायला लावलेलं नाही. दहा वर्षांत त्यांना मराठीची दोन वाक्यं पक्की आली: "देव तुमच्यावर प्रेम करतो" आणि "लातूरची गाडी किती वाजता?" दुसऱ्याला गाव उत्तर देतं. पहिल्याला "व्हय" म्हणतं आणि कामाला लागतं. येशूचं चित्र मात्र पुष्कळांनी घेतलं. गावातल्या मंजुळाबाईंच्या देवघरात ते खंडोबाच्या शेजारी आहे आणि त्यालाही रोज कुंकू लागतं.

इंगळेबाईंबद्दल मला असं बोलता येत नाही. प्रयत्न करून पाहिला. ही बाई अपंग मुलांचे हातपाय चालते करण्याचं शिक्षण घेऊन आलेली. सकाळी चटई अंथरते आणि दुपारपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या ताठलेल्या पायाशी झटत असते. तिचं मराठी तिथंच जमिनीवर तयार झालं. "दाब. अजून दाब. रड, पण दाब." व्याकरणाच्या नावानं आनंद आहे, पण पोरांना कळतं आणि पोरांच्या आयांनाही.

मंजुळाबाईंची नात राजकन्या त्या चटईवर चार वर्षं आहे. जन्मापासून तिचा डावा हात आणि दोन्ही पाय आखडलेले. ती ढुंगणावर सरकत अंगणात यायची, गुडघ्यांना कायम माती. आता ती वॉकर धरून घरभर फिरते. इंगळेबाई म्हणत, आणखी वर्षभर नेटानं केलं तर पोरगी वॉकर सोडेल, पण मध्ये खंड पडला तर पाय पुन्हा आखडतील. राजकन्याचे आईवडील, अंबिका आणि शिवशंकर, दोघंही रोजानं कामाला जातात. तिला रोज लातूरला घेऊन जायचं तर घरातल्या एकानं काम सोडून बसायला हवं. म्हणजे त्या पोरीचे पाय इंगळेबाईंच्या किल्लारीत राहण्यावर टिकून होते. इतकी सरळ गोष्ट होती.

आणि गेल्या हिवाळ्यात मंडळाला वाटलं की आपण एकदा जाऊन बघावं.

मंडळाचे प्रमुख वॉरन आणि त्यांच्यासोबत आठ-दहा माणसं येणार होती. किल्लारीचं काम चालू ठेवायचं की हॉलबर्ग कुटुंबाला दुसरीकडे हलवायचं, हे ते डोळ्यांनी पाहून ठरवणार होते. नाथाभाऊंची झोप उडाली. उडणारच. इतकी वर्षं पत्रांतून जे गाव पाठवलं, ते आता दाखवायचं होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि फार आढेवेढे घेत सांगितलं की पाहुणे येतील तेव्हा लोकांनी उगाच त्रास घेऊ नये, नवे कपडे, दागिने वगैरे नको, रोजच्यासारखं असावं. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, त्यांना सांगा, जसे आहात तसे या. हे ते अशा सुरात म्हणाले की जणू फार मोठं मन दाखवत आहेत.

मी शब्दाला शब्द सांगितलं. मंजुळाबाईंच्या ओट्यावर पाच-सहा बायका होत्या आणि कापड दुकानवाला, श्रीमंत नावाचा, तोही होता. 

"जसं हाव तसं?" मंजुळाबाई म्हणाल्या. "पाव्हणे सात समुद्र वलांडून येणार, अन् आमी शेण काढलेल्या लुगड्यावर म्होरं जायचं? आमी काय बेवारशी हाव का?"

श्रीमंत म्हणाला, भाऊ भोळा माणूस, संकोचानं बोलला असंल, आपण आपलं करायचं. तो लगेच हलगीवाल्यांच्या गोष्टी करायला लागला. ह्या श्रीमंतला गोऱ्या माणसासोबत फोटो काढून दुकानात लावायचा होता, तेव्हा त्याचा उत्साह मी काही फार मनावर घेतला नाही.

बाकीचे गेल्यावर मी मंजुळाबाईंना उघड सांगितलं. म्हटलं, ही माणसं तुमची गरिबी मोजायला येतायत. तुम्ही नटून समोर गेलात तर म्हणतील ह्यांचं बरं चाललंय, आणि इंगळेबाईंना इथून उचलतील. मग राजकन्याचं काय? फाटकं नेसा असं म्हणत नाही, पण निदान उसने दागिने तरी घालू नका.

त्यांनी सुपातला गहू निवडून बाजूला सारला. मग जे बोलल्या ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

"भूकंपाच्या टायमाला शिवशंकर पोटात व्हता. सासू अन् थोरली पोरगी ढिगाऱ्यात. मी हातानं धोंडे उपसत व्हते, अंगावरच्या पदराचं भान न्हवतं. एक माणूस आला, फोटो काढून गेला. मॅडम, त्यो फोटो पेपरात आला. म्होरं वरीसभर लोक चादरी घिऊन यायचे अन् इचारायचे, ती फोटोतली बाई कोणची? मला उभी करायचे. तवा ठरवलं, भाईरचा माणूस येणार म्हणलं की पयलं लुगडं बदलायचं."

मी म्हटलं, आणि राजकन्या?

"ती चालंल. पर भीक मागून न्हाई चालायची." आणि मला बजावलं की पाहुण्यांसमोर त्या बोलतील तेवढंच मी सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. माझी जीभ त्यांना चांगली ठाऊक आहे.

मला राग आला. त्यांचा आला, भाऊंचा आला, त्या न पाहिलेल्या वॉरनचा तर फारच आला. एका पोरीच्या दोन पायांसाठी एका बाईनं स्वतःला किती फाटकं दाखवावं, हे ठरवणारी ही माणसं कोण?

पाहुणे आले त्या दिवशी गल्ली शेणानं अशी सारवली होती की सणालाही तशी सारवत नाहीत. रस्त्यावर उसाच्या गाड्या चालल्या होत्या, तरी हलगी त्यांच्या वर ऐकू येत होती. मंजुळाबाई इरकली लुगड्यात, गळ्यात शेजारच्या पार्वतीबाईंची बोरमाळ, हातात ओवाळायचं ताट. राजकन्याला जरीचं परकर-पोलकं आणि केसांत शेवंती. पुरणपोळी, गुळवणी, कुरडया, भजी. नाथाभाऊ एका बाजूला उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कुणी तरी गेलं असं वाटत होतं. दोन मोठ्या गाड्या थांबल्या, दारं उघडली आणि माणसं उतरली.

सगळ्यांनी एकसारखे पांढरे टी-शर्ट घातले होते. प्रत्येकाच्या छातीवर राजकन्या होती.

चार वर्षांपूर्वीची राजकन्या. मातीत सरकणारी, नाकाला शेंबूड, झगा वर गेलेला, कॅमेऱ्याकडे मान वर करून बघणारी. खाली इंग्रजीत छापलं होतं, मला उभं करा. वॉरन चांगले उंच आणि पोटानं भरदार, त्यामुळे त्यांच्यावर ती सगळ्यांत मोठी दिसत होती. हलगी आपोआप थांबली. अंबिकानं तोंडात पदर कोंबला. एल्सा बापाकडे वळली आणि इंग्रजीत विचारलं, हा फोटो तुम्ही दिलात? भाऊ गाड्यांची दारं लावायला गेले. इंगळेबाईंना काहीच माहीत नव्हतं, हे त्यांच्याकडे बघून आंधळ्यालाही कळलं असतं. पाहुणे मात्र हसत, हात जोडत पुढे येत होते. त्यांना वाटलं, गाव भारावून गप्प झालं.

मंजुळाबाईंच्या हातातलं ताट हललं नाही. त्यांनी आधी वॉरनना ओवाळलं, मग ताट अंबिकाकडे दिलं आणि घरात जाऊन टॉवेल-टोपी घेऊन आल्या. मानाच्या पाहुण्याला आपल्याकडे देतात तसा एक टॉवेल त्यांनी वॉरनसाठीच आणून ठेवला होता. तो त्यांनी वॉरनच्या गळ्यात घातला आणि दोन्ही टोकं ओढून छातीवर अशी जुळवली की चित्र पूर्ण झाकलं. मग श्रीमंतकडे वळून म्हणाल्या, "दुकानात हायेत तेवढे टॉवेल आण."

श्रीमंत पळत गेला आणि गठ्ठाच घेऊन आला. एकेक पाहुणा पुढे आला, एकेकाची छाती झाकली गेली. बाया होत्या, त्यांच्यासाठी मंजुळाबाईंनी पेटीतली स्वतःची लुगडी काढली, अंगाभोवती गुंडाळली, खांद्याशी पिन लावली. त्या बाया खूश होऊन एकमेकींचे फोटो काढायला लागल्या. वॉरननी मला विचारलं, ह्या प्रथेचा अर्थ काय. मी म्हटलं, पाहुण्याची लाज राखणे. फार सुंदर, असं ते म्हणाले आणि बाकीच्यांना मोठ्यानं सांगितलं.

जेवायला पंगत बसली. आत गर्दीनं उकडत होतं. एका तरुण पाहुण्यानं घाम पुसून टॉवेल मांडीवर ठेवला, तर मंजुळाबाई तुपाचं भांडं घेऊन तिकडून इकडे आल्या, टॉवेल उचलला, पुन्हा त्याच्या छातीवर नीट बसवला आणि मग तूप वाढलं. तो गोंधळून थँक्यू म्हणाला. नंतर कुणी टॉवेल काढायला धजलं नाही.

मधल्या वेळात राजकन्या वॉकर पुढे सारत आली. वॉकरच्या दांडीला बांधलेल्या पिशवीत तांब्या होता आणि एक पाऊल टाकायला तिला जो वेळ लागत होता, तेवढा वेळ इंगळेबाईंचा घास हातातच राहत होता. तिनं उजव्या हातानं वॉरनच्या पेल्यात पाणी ओतलं. थोडं सांडलं. वॉरननी तिच्या गालाला हात लावला, मग टॉवेल किंचित बाजूला करून छातीवरच्या चित्राकडे बोट दाखवून मला विचारलं की ही मुलगी कुठे आहे, आम्ही तिच्यासाठी चार वर्षं प्रार्थना करतोय.

मी म्हटलं, तिनंच तुम्हाला पाणी दिलं.

त्यांनी चित्र पाहिलं, पोरगी पाहिली, पुन्हा चित्र पाहिलं. त्यांच्या तोंडावर आनंद यायला हवा होता. आधी आली ती निराशा, मग विचार करून त्यांनी आनंद आणला. म्हणजे काम झालं, असं ते म्हणाले. इंगळेबाई तिथंच उठून उभ्या राहिल्या आणि आपल्या भाषेत भराभर सांगायला लागल्या, झालेलं नाही, अजून वर्ष हवं, आत्ता सोडलं तर सगळं जाईल. वॉरननी मान हलवत ऐकून घेतलं. मग मंजुळाबाईंकडे वळून विचारलं की तुम्हाला कशाची कमतरता आहे, मोकळेपणानं सांगा.

मी प्रश्न सांगितला. मंजुळाबाईंनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"काई कमी न्हाई. देवानं दिलेलं लई हाय. तुमी पोटभर जेवा."

पाहुण्यासमोर ह्याहून वेगळं उत्तर मराठवाड्यात कुणी दिलं असेल, तर मला भेटवा. मीही तेवढंच सांगितलं. आमच्याकडे असं म्हणण्याची रीत आहे, हे ओठांवर आलं होतं, पण त्यांनी मला बांधून घातलं होतं. वॉरननी समाधानानं पोळीचा शेवटचा तुकडा खाल्ला, हात धुतला आणि निर्णय सांगितला. किल्लारी आता स्वतःच्या पायावर उभी आहे. नांदेड जिल्ह्यात इस्लापूरकडे खरी गरज आहे. महिनाअखेर हॉलबर्ग कुटुंबानं तिकडे जावं. इथलं भाडं, मानधन बंद होईल. हे सगळं इतक्या गोडीनं सांगितलं की मला उठून त्यांचा टॉवेल ओढावासा वाटला. छापलेली पोरगी त्यांना पटत होती. समोर पाणी घेऊन उभी राहिलेली पोरगी त्यांच्या कामाची नव्हती.

नाथाभाऊ ताटातली कुरडई मोडत बसले. आपल्याच पत्रांनी आपल्याला कुठं आणून ठेवलं, हे त्यांना कळलं असावं. मला त्यांची कीव आली नाही.

मंजुळाबाईंनी विचारलं, काय ठरलं. मी सांगितलं. अंबिकानं पोरीला जवळ ओढलं. मंजुळाबाईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"ह्यांचं म्हणणं काय हाय मॅडम? इंगळेबाईनी हितं ऱ्हायचं न्हाई, का ह्यांनी पोसायचं न्हाई?"

मी म्हटलं, दुसरं.

"मग आमी पोसतो," त्या म्हणाल्या. "मागची खोली रिकामी हाय. जवारी घरची, म्हशीचं दूध घरचं. तिघंच तर हायेत. पोरगी वॉकर सोडंपत्तुर ऱ्हावा म्हणावं. नाथाभाऊला काई काम येत नसंल तर बसून खाऊ द्या. आमच्यात जावई खातेतच की."

हे मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत सांगितलं, जावयासकट. वॉरन हसले. त्यांना ते पाहुणचारातलं बोलणं वाटलं. नाथाभाऊ हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, नीट ऐकलंत ना? जेवायला बोलावतायत का? मी म्हटलं, नाही, पोसायला. ते म्हणाले, ह्या शब्दाला दुसरा काही अर्थ असेल, पुन्हा एकदा विचारा. म्हटलं, भाऊ, हा शब्द तुमच्या प्रत्येक पत्रात आहे. फक्त कर्ता बदललाय.

ते पुटपुटले की हे शक्यच नाही, आपण ह्या लोकांचं खायचं म्हणजे लोक काय म्हणतील, मंडळ काय म्हणेल, आपण इथं द्यायला आलो होतो. इंगळेबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्या खाली बसल्या, राजकन्याचा दमलेला पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळायला लागल्या. मंजुळाबाईंकडे न बघताच, त्यांच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "मावशी, मला भाकरी येत नाही."

"शिकवते की," मंजुळाबाई म्हणाल्या.

भाऊ अजून माझ्याशी शब्दाचा अर्थ ठरवत होते, तोवर एल्सा उठली होती. तिनं आपलं ताट उचलून मोरीत ठेवलं, हात परकराला पुसले आणि मंजुळाबाईंपुढे तळवा पसरून म्हणाली, "आज्जे, खोलीची किल्ली दे. झाडून काढते."

मंजुळाबाईंनी कमरेची किल्ली काढून दिली.

नाथाभाऊंनी घाईघाईनं मला विचारलं, ती काय म्हणाली? इतकी वर्षं मी त्यांना प्रत्येक शब्द उलगडून दिला होता. ह्या वेळी म्हटलं, तुमचीच मुलगी आहे, तिलाच विचारा.